सोलापूरच्या कारखान्यांतला घातक कचरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घातक कचरा नेमका कशाला म्हणायचं? आमच्याकडे तर फक्त थोडा गाळ आणि चिंध्या निघतात.

देशभर लागू असलेला मूळ कायदा म्हणजे पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६. त्याखाली ४ एप्रिल २०१६ रोजी घातक व इतर कचऱ्याचे नियम आले. त्याआधी १९८९ आणि २००८ चे नियम होते. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३८ प्रक्रिया दिल्या आहेत आणि प्रत्येकीतून निघणाऱ्या कचऱ्याला क्रमांक आहे. जळकं ऑइल ५.१, रसायनाचे रिकामे ड्रम आणि लायनर (आतल्या अस्तराच्या पिशव्या) ३३.१, तेलकट किंवा रसायन लागलेल्या चिंध्या ३३.२, ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, रासायनिक गाळ ३५.३. तुमचा कचरा यात बसत असेल, तर तो वर्षाला दहा किलो निघतो की दहा टन, यावर तो घातक आहे की नाही हे ठरत नाही. चिंध्यासुद्धा मोजायच्या असतात.

यादीत न बसणारा कचरा दुसऱ्या अनुसूचीतल्या मर्यादांशी ताडून पाहतात. सांडपाणी, धुराड्याचा वायू, दवाखान्याचा कचरा, किरणोत्सारी कचरा आणि घरगुती कचरा यांचे कायदे वेगळे आहेत.

टॉवेल-चादरीच्या डाइंगमधला गाळ घातक आहे का? तो तर रंगीत माती वाटतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना चालवायला दिलेल्या संमतीपत्रात ३५.३ लिहिलेलं असेल तर तो घातकच धरून चालायचं. तपासणीचा अहवाल चांगला आला म्हणून स्वतःच ठरवून तो शेतात किंवा भरावात टाकता येत नाही. आधी मंडळाकडून संमतीपत्रात तसा बदल करून घ्यावा लागतो.

तपासणी म्हणजे टीसीएलपी. १०० ग्रॅम गाळ घेतात, त्यात वीसपट आम्लयुक्त द्रावण घालतात, बाटली सुमारे १८ तास फिरवत ठेवतात आणि गाळलेल्या पाण्यात धातू मोजतात. भूभरणात, म्हणजे कचरा पुरायच्या खड्ड्यात, पाणी झिरपलं तर गाळातून काय सुटेल, याचा हा अंदाज असतो. मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत : शिसं ५, कॅडमियम १, क्रोमियम ५, पारा ०.२, तांबं २५, निकेल २०, जस्त २५०.

यातल्या तांब्याकडे टॉवेलवाल्यांनी नीट बघावं. टर्क्वाइज निळा रिॲक्टिव्ह रंग कॉपर थॅलोसायनिनवर बेतलेला असतो, म्हणजे रंगाच्या रेणूतच तांबं आहे. निळ्या-हिरव्या मालाची मोठी ऑर्डर चालू असताना निघालेला गाळ आणि पांढऱ्या मालाच्या आठवड्यातला गाळ एकसारखा नसतो. नमुना फक्त पांढऱ्या आठवड्यात घेतला तर अहवाल देखणा येतो आणि पुढे विल्हेवाट केंद्राच्या गेटवर गाडी अडकते. निदान चार वेगवेगळ्या पाळ्यांतला गाळ एकत्र कालवून नमुना द्या.

गाळाच्या वजनावर पैसे जातात. वजन कमी कसं करायचं?

आधी हिशेब पाहा. गाळात कोरडा भाग १०० किलो असेल आणि पाणी ९८ टक्के असेल, तर एकूण वजन ५,००० किलो. फिल्टर प्रेसमधून ७५ टक्के पाण्यावर आणला की ४०० किलो. वाळवून ४० टक्क्यांवर आणला की साधारण १६७ किलो. घाण तेवढीच राहते, भाडं आणि विल्हेवाटीचं बिल मात्र निम्म्याहून खाली येतं.

सोलापूरचा कोरडा उन्हाळा इथे मोठी देणगी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात वाळवणीच्या वाफ्यावर गाळाचा थर पंधरा-वीस सेंटिमीटरच ठेवा आणि रोज खोऱ्याने उलटा. जाड थर वरून भेगाळतो, आत मात्र ओलाच राहतो. वाफ्यावर पारदर्शक पत्र्याचं छप्पर हवं. खाली निथळणारं पाणी ईटीपीच्या पहिल्या टाकीत परत गेलं पाहिजे. अनेक ठिकाणी ती नळी पावसाच्या गटाराला जोडलेली असते.

वाळवण्याआधीचा फायदा मात्र डोसिंगमध्ये, म्हणजे सांडपाण्यात घालायच्या रसायनाच्या मात्रेत आहे. फेरस सल्फेट आणि चुना ही जोडी स्वस्त असते, पण गाळ खूप होतो, कारण हलक्या चुन्यातली न विरलेली खर सगळी गाळातच बसते. सहा बीकर घ्या, प्रत्येकात एक लिटर सांडपाणी. डोस वाढवत न्या, एक मिनिट जोरात आणि पंधरा मिनिटं सावकाश ढवळा, अर्धा तास बसू द्या. ज्या डोसला रंग उतरतो, त्याच्यापुढे घातलेला प्रत्येक किलो म्हणजे पैसे देऊन बनवलेला कचरा. हीच चाचणी पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडवरही करून पाहा. ते किलोला महाग असतं, गाळाचं बिल धरून हिशेब केला तर बऱ्याचदा परवडतं. ऑपरेटरच्या हाताला सवय असते म्हणून वर्षानुवर्षं तोच डोस चालू राहतो. महिन्यातून एकदा ही चाचणी लावाच.

साखर कारखान्याची मळी, बगॅसची राख किंवा एनटीपीसीची राख यात येते का?

नाही. मोठ्या प्रमाणात निघणाऱ्या अशा कचऱ्यासाठी वेगळे निर्देश आहेत. औष्णिक विजेच्या राखेसाठी ३१ डिसेंबर २०२१ ची स्वतंत्र अधिसूचना आहे. साखर कारखान्यातलं जळकं ऑइल, तेलकट चिंध्या आणि रसायनांचे ड्रम मात्र यात येतात.

कचरा किती दिवस ठेवता येतो?

९० दिवस. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निघणाऱ्या छोट्या कारखान्यांना आणि काही ठरावीक कारणांसाठी मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो, ती आपोआप वाढत नाही. दिवस मोजायचे ते पहिली गोणी भरली त्या तारखेपासून. म्हणून प्रत्येक गोणीवर तारीख हवी.

लेबल आठव्या नमुन्याचं : चमकदार पिवळी पार्श्वभूमी, ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि मराठीत. पाण्याने न पुसलं जाणारं हवं. मार्करने लिहिलेला कागद पहिल्या वळवात धुऊन जातो.

शेडला छप्पर, न झिरपणारी फरशी, भोवती बांध आणि सांडलेलं गोळा करायला खड्डा हवा. तो खड्डा कोरडा ठेवा, गटाराला जोडू नका. जळणाऱ्या कचऱ्याचे २०० लिटरचे ड्रम पॅलेटवर फार तर तीन उंच रचावेत, रांगांमध्ये एक मीटर वाट ठेवावी. ज्याचा ज्वलनबिंदू (वाफ पेट घेऊ लागते ते तापमान) ६५.५ अंशांखाली आहे, त्याचा एकावर एक ड्रम अजिबात नको.

चिंचोळी एमआयडीसीत उन्हाळ्यात सॉल्व्हेंटचे ड्रम फुगतात. काय करावं?

औषध आणि रसायनांच्या कारखान्यांत वापरलं जाणारं डायक्लोरोमिथेन, म्हणजे एमडीसी, साधारण ४० अंशांला उकळतं. सोलापूरच्या मेमध्ये सावलीतलाच पारा त्याच्या वर जातो. उन्हात ठेवलेल्या ड्रमच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आतलं एमडीसी अक्षरशः उकळत असतं. आधी झाकण घुमटासारखं वर येतं, मग शिवण सुटते. ॲसिटोन ५६ आणि मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. ते इतकं फुगत नाही, पण त्याची वाफ पेट घेते.

ड्रम काठोकाठ भरू नका, दहावा भाग रिकामा ठेवा. शेडचं छप्पर उंच घ्या, वर पांढरा उष्णतारोधक रंग द्या आणि वारा जमिनीलगत खेळता राहील अशा जाळ्या ठेवा. सॉल्व्हेंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचते. फुगलेलं बूच दुपारी उघडू नका. पहाटे, ड्रम गार झाल्यावर, अर्थिंग जोडून, पितळी पान्याने पाव आटा फिरवा आणि फुसफुस थांबेपर्यंत थांबा. चेहरा बुचाच्या रेषेत नको आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा. सर्वांत चांगलं म्हणजे मार्चअखेर एमडीसीचा साठा पूर्ण रवाना करणं.

कोणती रसायनं एकाच शेडमध्ये शेजारी ठेवू नयेत?

हायपो (ब्लीचिंगचं सोडियम हायपोक्लोराइट) आणि कोणतंही आम्ल : क्लोरीन सुटतो. सल्फर रंगांसाठी वापरलेलं सोडियम सल्फाइड आणि आम्ल : हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा वास आधी येतो आणि मग नाक बधिर झाल्याने येईनासा होतो, तेव्हा धोका टळला असं वाटतं. पेरॉक्साइड आणि तेलकट चिंध्याही शेजारी नकोत.

मुदत संपलेलं हायड्रोस (रंगकामातलं सोडियम हायड्रोसल्फाइट) वेगळंच सांभाळा. ओल लागली की ते स्वतःच तापतं, सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि पेट घेतं. गळक्या छपराखालचा अर्धा डबा पावसाळ्यात जळतो तो असा. त्यावर बादलीभर पाणी मारलं तर आग भडकते. कोरडी वाळू तरी हवी, नाही तर एकदम भरपूर पाण्याचा मारा.

रिकामे प्लास्टिकचे ड्रम भंगारवाल्याला विकले तर काय बिघडतं?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी पाणी साठवायला निळे ड्रम लागतात. भंगारातून निघालेला, साबणाने धुतलेला, वास गेलेला ड्रम अंगणात उभा राहतो आणि त्यातलं पाणी लहान मुलं पितात. एचडीपीई प्लास्टिक सॉल्व्हेंट आणि रसायनं आपल्या भिंतीत शोषून घेतं. तीन वेळा विसळलं तरी भिंतीत मुरलेलं निघत नाही. उन्हात पाणी तापलं की ते हळूहळू पाण्यात उतरतं. या सगळ्या पानावरचं एकच उत्तर पाळायचं असेल, तर हे पाळा.

रसायन लागलेला ड्रम ३३.१ चा कचरा आहे. तो पुरवठादाराला त्याच रसायनासाठी परत द्या किंवा ड्रम धुण्याचं प्राधिकारपत्र (मंडळाची लेखी परवानगी) असलेल्या केंद्राकडे मॅनिफेस्टसह, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणाऱ्या नोंदपत्रासह, पाठवा. आवारातच निकाली काढायचा असेल तर आधी विसळा, विसळलेलं पाणी ईटीपीला द्या, मग बुडाला आणि अंगाला मोठी भोकं पाडा किंवा उभा कापा. पाणी धरणार नाही अशी अवस्था झाल्याशिवाय ड्रम गेटबाहेर जाता कामा नये. सॉल्व्हेंटचा लोखंडी ड्रम मात्र गॅस कटरने कापू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

जळकं ऑइल सेंट्रिंगवाले नेतात. चालतं का?

नाही. सेंट्रिंगच्या प्लेटला फासलेलं ऑइल मजुरांच्या हातांवर आणि मातीत जातं, बॉयलरमध्ये जाळलेलं धुरातून बाहेर पडतं. शुद्धीकरणाचं प्राधिकारपत्र असलेल्या केंद्रात आधी पाणी उडवतात, मग निर्वाताखाली ऊर्ध्वपातन करून मूळ तेल परत मिळवतात. त्यासाठी शिसं दहा लाखांत १०० भागांच्या आणि आर्सेनिक ५ भागांच्या आत हवं. जनरेटर, कंप्रेसर आणि यंत्रमागाचं ऑइल साधारणपणे यात बसतं. त्यात थिनर, रॉकेल किंवा कूलंट ओतलं की ते शुद्धीकरणाच्या लायकीचं राहत नाही. एकच बॅरल, एकच नरसाळं आणि वर कुलूप एवढं पुरतं. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवर वापरलेलं तेल पुनर्चक्रणात आणण्याची जबाबदारी आहे, त्यामुळे अधिकृत केंद्रांना माल हवाच असतो.

कचरा शेवटी जातो कुठे?

नियमांनी क्रम ठरवून दिला आहे : होऊच न देणं, कमी करणं, पुन्हा वापरणं, पुनर्चक्रण, त्यातून वस्तू किंवा ऊर्जा मिळवणं, आणि सगळ्यात शेवटी विल्हेवाट. महाराष्ट्रात सामायिक विल्हेवाट केंद्रं रांजणगाव, तळोजा, महापे आणि बुटीबोरीत आहेत. सोलापूरला सोयीचं रांजणगाव.

भूभरणाचा खड्डा दुहेरी अस्तराचा असतो, दाबलेली चिकणमाती आणि दीड मिलिमीटर एचडीपीईची चादर. धातू असलेला गाळ चुना, सिमेंट किंवा राखेत बांधून मग पुरतात. बहुप्रभावी बाष्पकातून (सांडपाणी आटवणाऱ्या यंत्रातून) निघणारं मीठ असं बांधलं जात नाही, पाणी मिळालं की विरघळतं. शिवाय ते हवेतली ओल ओढून गोणीतच पाझरतं. म्हणून आतून जाड लायनर घालून, तोंड बांधूनच पाठवा. ज्वलनशील आणि जास्त उष्मांकाचा कचरा पुरत नाहीत, तो जाळतात. भस्मकात पहिल्या कक्षात साधारण ८५० आणि दुसऱ्यात १,१०० अंश तापमान आणि किमान दोन सेकंद वायू थांबणं गरजेचं असतं. यात कुचराई झाली तर डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होतात.

सिमेंटच्या भट्टीत ज्योत २,००० अंशांच्या आसपास असते, माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, वातावरण अल्कधर्मी असतं आणि राखही क्लिंकरमध्येच (दळण्याआधीच्या भाजलेल्या सिमेंटच्या खड्यांत) मुरते. पुरायला वेगळं काही उरत नाही. सेंद्रिय गाळ, वापरलेला कार्बन, ऊर्ध्वपातनाचा तळगाळ यांच्यासाठी आमच्या मते हाच पहिला पर्याय असावा. अडचण येते ती क्लोरीनची. तो प्रीहीटरमध्ये (भट्टीआधी माल तापवणाऱ्या मनोऱ्यात) फिरत राहून थर बसवतो आणि तिथली सायक्लोन पात्रं तुंबतात, म्हणून सिमेंटवाले एमडीसी मिसळलेला माल परत करतात. होटगी परिसरातले सिमेंटचे कारखाने दळणाचे आहेत, तिथे भट्टी नाही. त्यामुळे ते हा कचरा घेऊ शकत नाहीत.

आमचं वापरलेलं सॉल्व्हेंट दुसऱ्या कारखान्याला कच्चा माल म्हणून देता येईल का?

येईल, आणि द्यावं. नियम ९ खाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अनेक कचऱ्यांसाठी कार्यपद्धती ठरवल्या आहेत. घेणाऱ्याकडे त्या कचऱ्याचं, त्या प्रमाणाचं प्राधिकारपत्र हवं. किंमत मिळते ती वेगळं ठेवण्याला. टोल्यूइन १११ अंशांला उकळतं, त्यात थोडं मिथेनॉल असेल तर वेगळं करणं त्रासाचं, एमडीसी मिसळलं तर माल जवळपास मातीमोल. पाणी असलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल साध्या ऊर्ध्वपातनाने ८८ टक्क्यांच्या पुढे जात नाही, त्यामुळे घेणाऱ्याला आधीच पाण्याचं प्रमाण सांगा. प्रत्येक रिॲक्टरच्या मार्गावर वेगळी टाकी आणि वेगळ्या रंगाचं कपलिंग बसवलं की रात्रपाळीत चूक होत नाही.

केंद्राच्या गेटवरून गाडी परत का येते?

करार करताना कचऱ्याचं पूर्ण पृथक्करण होतं, त्यानंतर प्रत्येक गाडीचा छोटा नमुना त्याच्याशी जुळवतात. मोकळं पाणी निथळताना दिसणं, पीएच वेगळा निघणं, गाळात हातमोजे आणि जेवणाचे डबे सापडणं, पातळ गोणी वाटेत फाटणं ही नेहमीची कारणं.

मॅनिफेस्ट कसा भरायचा?

दहावा नमुना, सात प्रती. सातही प्रतींवर सही करून पांढरी तुम्ही मंडळाला पाठवता. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःकडे ठेवता. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात : गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, निळी तुमच्याकडे परत येते, आणि कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर करडी पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला. निळी प्रत परत आली की मगच तो कचरा पोहोचला असं समजायचं. नोंदणी ऑनलाइन केली तरी ही पोच तपासणं सोडू नका. चालकाजवळ नवव्या नमुन्याचं आपत्कालीन कार्ड त्याला वाचता येणाऱ्या भाषेत हवं.

कलबुर्गी रांजणगावपेक्षा जवळ आहे. कर्नाटकात पाठवता येईल?

सेडम, वाडी, मळखेड भागातल्या सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये सहप्रक्रियेसाठी (इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापरायला) किंवा पुनर्चक्रणासाठी पाठवायचं असेल, तर माल देण्याआधी दोन्ही राज्यांच्या मंडळांना कळवावं लागतं. भूभरण किंवा भस्मकात अंतिम विल्हेवाटीसाठी मात्र दोन्ही मंडळांचं ना हरकत पत्र हवं. दोन्ही वेळा समोरच्या कारखान्याचं प्राधिकारपत्र स्वतः वाचा. कचऱ्याचा क्रमांक त्यात असला पाहिजे.

परदेशातून असा कचरा आणता येतो का?

विल्हेवाटीसाठी नाहीच. पुनर्चक्रण किंवा वापरासाठी, ठरावीक याद्यांतला आणि परवानगी घेऊनच. घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवरच्या बाझल कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली आहे. टाकाऊ तेल आणायला बंदी आहे आणि घन प्लास्टिक कचऱ्याची आयात २०१९ मध्ये बंद झाली.

वार्षिक विवरणात काय चुकतं?

चौथा नमुना दरवर्षी ३० जूनपर्यंत, मागच्या आर्थिक वर्षाचा. पर्यावरण विवरण वेगळं, ते ३० सप्टेंबरपर्यंत. दोन्हींत गाळाचे आकडे जुळत नाहीत, ही सर्रास चूक. कारण एकात ओलं वजन लिहिलेलं असतं, दुसऱ्यात वाळलेलं. तिसऱ्या नमुन्याच्या रोजच्या नोंदवहीत वजनाशेजारी ओलाव्याचा टक्का लिहा. वर्षारंभीचा साठा अधिक वर्षभरातलं उत्पादन वजा पाठवलेला माल बरोबर वर्षअखेरचा साठा, हे जुळलंच पाहिजे. उत्पादन दुप्पट आणि गाळ तेवढाच, असं दिसलं की अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतात.

एक जण निम्म्या दरात कचरा नेतो म्हणतो. त्याने पावती दिली तर जबाबदारी त्याची ना?

नाही. नियम २३ प्रमाणे चुकीच्या हाताळणीने झालेल्या नुकसानीला कचरा निर्माण करणाराही जबाबदार असतो. रात्री ओढ्यात किंवा पडीक खाणीत ओतलेला टँकर सापडला की मालाच्या पृथक्करणावरून कारखाना शोधता येतो. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण अधिनियमाखाली दंड दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे, भरपाई त्याशिवाय. आणि आसपासच्या विहिरी एकदा नासल्या की दुष्काळी भागात दुसरं पाणी आणायचं कुठून?

कारखाना बंद करायचाय. शेडमधला साठा जागा घेणाऱ्याने बघावा, असं करता येईल?

करू नका. भोपाळच्या कारखान्यात १९८४ च्या दुर्घटनेनंतर पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला गेला. बेवारस साठ्याला हात लावायला पुढे कोणी येत नाही. दूषित जागांसाठी २४ जुलै २०२५ पासून वेगळे नियमही लागू झाले आहेत आणि त्यांत दूषित करणाऱ्याला शोधून खर्च वसूल करण्याची तरतूद आहे.

वीज आणि कामगार हाताशी आहेत तोवरच कामाला लागा. लेबल नसलेले डबे आधी वेगळे काढा आणि त्यांची तपासणी करा. अनोळखी डबे एकमेकांत ओतू नका. मग रिॲक्टर, टाक्या आणि पाइपांतला उरलेला माल काढा, ईटीपीच्या टाक्यांच्या तळचा जुना गाळ उपसा, शेडच्या फरशीचा डाग पडलेला थर खरवडा आणि खड्ड्याखालच्या मातीचा नमुना घ्या. हे सगळं मॅनिफेस्टवर रवाना करून त्या वर्षाचा चौथा नमुना भरा आणि मगच संमतीपत्र परत करण्याचा अर्ज द्या. निळ्या प्रती आणि माती तपासणीचे अहवाल खरेदीखताला जोडा.